चाल अण्णांची

अण्णा बुद्धिबळाची पहिली चाल करताना 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. राजापुढचं प्यादं एक घर सरकवायचं, बोट त्याच्या डोक्यावर तसंच दाबून ठेवायचं आणि सगळ्या ओट्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं, "लाभ!" ते जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी होते. धान्य मापताना पहिल्या पायलीला मापाडी एक म्हणत नाही, लाभ म्हणतो; दोन-तीन त्यानंतर. दिवसभर ज्वारीच्या ढिगासमोर हेच आणि संध्याकाळी पटासमोरही हेच. पुढच्या चाली मात्र ते मोजत नसत. मोजल्या असत्या तर बरं झालं असतं, कारण डाव थोडा पुढे गेला की चाल कुणाची आहे हेच त्यांना सांगता येत नसे.

कारण भांग. अण्णा भांग घेत, आणि ती चोरून नव्हे. सरकारी ठेक्याच्या दुकानातून आणून, धुऊन, वाटून, अगदी रीतसर. जुन्या जालन्यात त्या काळी भांग घेणारे बरेच होते आणि बुद्धिबळ खेळणारेही बरेच होते. दोन्ही एका वेळी करणारे अण्णा एकटेच. "भांगेबिगर शतरंज म्हंजे फोडणीबिगर वरण," असं ते म्हणत. यावर कुणी वाद घातला की त्यालाच बसायला जागा देत आणि म्हणत, "मंग खेळून दाखवा."

मी तेव्हा एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. दवाखान्याला रस्त्याच्या बाजूनं रुंद ओटा होता. सकाळी त्यावर रोगी बसत, संध्याकाळी बुद्धिबळवाले. डॉक्टरांची हरकत नव्हती. ओट्यावर चार माणसं दिसली की दवाखाना जोरात चालतो असं लोकांना वाटतं, एवढाच त्यांचा स्वार्थ. मी आत बसून मिक्श्चरच्या बाटल्यांना डोसांच्या कागदी पट्ट्या चिकटवत असे, आणि खिडकीतून पट समोरच दिसे. मला स्वतःला खेळ बेताचाच येतो. पण भांग आणि बुद्धिबळ एका डोक्यात शिरले की काय होतं, हे मी इतकी वर्षं इतक्या जवळून पाहिलं आहे की त्याबद्दल बोलायचा मला थोडा हक्क आहे असं मी समजतो.

मापाड्याचं काम बाहेरून सोपं दिसतं. ते तसं नाही. ढीग मोठा, ऊन मोठं, शेतकरी एका बाजूला उभा, अडत्याचा माणूस दुसऱ्या बाजूला, आणि दोघंही मापाड्याच्या तोंडाकडे पाहत असतात. मध्येच कुणी राम राम केला आणि आकडा चुकला, तर भांडण ठरलेलं. अण्णांचा आकडा चुकल्याचं मी कधी ऐकलं नाही. ते मापताना बोलत नसत, थुंकत नसत, मान वळवत नसत. "दिसभर ध्यानात ठेवायचं काम करून राह्यलो," ते म्हणत, "संध्याकाळी थोडं इसरायला नको का माणसानं?" मला तरी या बोलण्यात काही खोट दिसत नसे.

वैनींना, म्हणजे अण्णांच्या बायकोला, ही खोट पहिल्या दिवसापासून दिसत होती. "ज्या पाट्यावर मी चटणी वाटते त्याच्यावर हे झाडपाल्याचं काम न्हाई चालायचं," असं त्यांनी लग्नानंतर लगेच सांगून टाकलं होतं. म्हणून अण्णांनी मागच्या लिंबाखाली एक लहान पाटा वेगळा ठेवला होता. मोंढ्यातून आले की हातपाय धुऊन ते तिथं उकिडवे बसत आणि भांग, मिरी, बडीशेप, खसखस असं सगळं स्वतः वाटत. वैनी तिकडे पाठ करून भांडी घासत. सुपारीएवढी गोळी दुधाबरोबर घेतली की टोपी चढवून अण्णा ओट्याकडे निघत, आणि वैनी भांड्यांना उद्देशून म्हणत, "निघाली स्वारी."

भांग लगेच चढत नाही, हे न घेणाऱ्यांना माहीत नसतं. पहिला तासभर अण्णा फार नीट खेळत. मग डोळे तांबूस होत, जीभ कोरडी पडे, पाण्याच्या तांब्याकडे हात वारंवार जाई. ही लक्षणं मी आतूनच ओळखत असे आणि मनात म्हणे, आता घोडा. कारण भांग चढली की अण्णांचा एखाद्या मोहऱ्यावर जीव जडे, आणि ते मोहरं बहुतेक घोडाच असे. "काय गरीब जनावर आहे हो," ते घोडा तळहातावर घेऊन म्हणत. "सरळ जाता येत न्हाई बिचाऱ्याला." आणि त्या घोड्याला कुणी मारू नये म्हणून ते पुढच्या सगळ्या चाली खेळत. घोडा वाचे. बाकीची फौज जाई.

त्यानंतर येई तो लांब विचार. अण्णा मांडी घालून, गाल हातावर टेकवून पटाकडे पाहत राहत. चेहऱ्यावर असं समाधान की पाहणाऱ्यालाही बरं वाटावं. मध्येच बोट उचलून सांगत, "इथं हत्ती द्यायचा. मंग त्यांचा उंट हिकडं येतो. मंग घोडा. मंग बघा साहेब, सगळं दिसून राह्यलं मला, आरपार!" त्यांना खरंच दूरचं काहीतरी दिसत असे. जवळचं मात्र दिसत नसे. त्यांचा स्वतःचा वजीर समोरच्याच्या उंटाच्या वाटेत उघडा उभा असे. तोवर रस्त्यावरची गुरं घरी गेलेली असत, समोरच्या दुकानात दिवा लागलेला असे. कुणी म्हणालं, "अण्णा, केव्हाचे विचार करताय," तर ते चकित होऊन म्हणत, "आत्ता तर बसलो!"

एकदा मात्र तो दूरचा डाव खरोखरच तिथं होता. हत्ती दिला, उंट आला, घोडा गेला आणि मात झाली. त्या एका डावावर अण्णा पुढची कित्येक वर्षं जगले. हरले की म्हणत, "त्या डावाच्या वक्ताला कोणी बोललं न्हाई." डॉक्टरांचं मत थोडक्यात होतं. ते म्हणाले, "भांगेनं बुद्धी वाढत नाही. बुद्धी वाढल्याचा आनंद वाढतो." हे मी अण्णांना सांगितलं. ते बराच वेळ हसले आणि म्हणाले, "मंग अजून काय पाहिजे?"

भांगेनं भूक फार लागते. अण्णा ओट्यावर फुटाण्याची पुडी उघडी ठेवून खेळत. एकदा त्यांनी मारलेलं एक लाल प्यादं फुटाण्यांत ठेवलं आणि लक्ष पटावर ठेवून मूठ तोंडात टाकली. आमची मोहरी लाखेच्या रंगाची. थोड्या वेळानं अण्णा म्हणाले, "औंदा फुटाणे लई कडक आलेत." तोवर ओठ लाल झाले होते. तोंडातून प्यादं काढलं तेव्हा सगळा ओटा लोळत हसत होता, आणि सगळ्यांत जास्त अण्णा. त्या प्याद्याच्या डोक्यावर दाताची खूण कायमची राहिली. पुढे मोहरी मांडताना ते प्यादं अण्णा हट्टानं आपल्याकडे घेत, राजाच्या पुढ्यात ठेवत आणि 'लाभ' त्याचाच करत.

अण्णांच्या समोर बसत ते पेशकारसाहेब. तहसिलीत हाकिमापुढे मिसली, म्हणजे खटल्यांचे कागद, मांडायच्या, कुणाची फिर्याद काय, कुणाचं म्हणणं काय, मागच्या तारखेला काय झालं, हे तोंडपाठ सांगायचं, हे त्यांचं काम. हैदराबादचे कायस्थ, घरात उर्दू, जालन्यात राहून मराठी शिकलेले. शेरवानीची सगळी बटणं लावलेली, आवाज हळू. भांगेला त्यांनी कधी हात लावला नाही. "माझी रोटी याददाश्तीवर चालते, अण्णा," ते म्हणत. "ती मी दुधात विरघळवून पिऊ कशी?" अण्णांचीही रोटी त्यावरच चालत होती. फरक इतकाच की अण्णा संध्याकाळी दुकान बंद करत आणि पेशकारसाहेब करत नसत.

सुरुवातीला पेशकारसाहेब सहज जिंकत. एके दिवशी अण्णा स्वतःच रचलेला हल्ला विसरले, वजीर उघडा टाकला आणि समोर पाहून विचारलं, "काय चाललं होतं आपलं?" पेशकारसाहेबांनी वजिराकडे नेलेला हात मागे घेतला. म्हणाले, "सोते आदमी की जेब काटना शतरंज नहीं है." आणि त्यांनी हाकिमापुढे सांगावं तसं सगळं सांगितलं: "मुकदमा असा आहे, अण्णा. आपला घोडा माझ्या हत्तीवर नजर ठेवून आहे. हे आपलं म्हणणं. माझा उंट आपल्या वजिरावर आहे. हे माझं म्हणणं. चाल आपली." अण्णांनी वजीर वाटेतून काढला, पुढच्या चालीला घोडा चालवला आणि तो डाव बरोबरीत सुटला.

तेव्हापासून आमच्या ओट्यावर तो रिवाजच झाला. ज्याला डाव आठवत नाही त्यानं विचारावं; समोरच्यानं दोन्ही बाजूंचं खरं खरं सांगावं, स्वतःचं कपटसुद्धा लपवू नये. याला आम्ही मुकदमा सांगणं म्हणत असू. बाहेरगावचा कुणी खेळाडू आला की त्याला हा प्रकार वेडेपणाचा वाटे. माझ्या मते तसा तो होताही. दोन माणसांचा डाव एकच माणूस डोक्यात ठेवत होता आणि दुसरा आनंद करत होता. पण पेशकारसाहेबांनी कधी कंटाळा केला नाही आणि कधी एक घरही खोटं सांगितलं नाही. एकाच डावात अण्णांनी पुन्हा पुन्हा विचारलं तरी ते पहिल्या वेळेइतक्याच शांतपणे सुरू करत, "मुकदमा असा आहे."

एका शिमग्याला अण्णांचं प्रमाण चुकलं. कुणीतरी घरी वाटलेली जास्तीची दिली, त्यांनी घेतली. डाव रंगात असताना त्यांचा चेहरा उतरला. कपाळाला घाम, हात गार. पेशकारसाहेबांच्या काळ्या हत्तीकडे बोट करून कुजबुजले, "तो माझ्याकडं पाहून राह्यलाय." मग आपला राजा उचलून त्यांनी मुठीत धरला आणि काही केल्या सोडेनात. मी नाडी पाहिली. घोड्यासारखी पळत होती. डॉक्टर म्हणाले, "अंधाऱ्या खोलीत निजवा, घाबरू नका, उतरेल." तोवर पेशकारसाहेब खाटेशेजारी बसून एकच वाक्य सांगत राहिले, "अण्णा, राजा आपल्या हातात आहे. त्याला कोणी शह दिलेला नाही." दुसऱ्या दिवशी अण्णांनी राजा परत आणून दिला. शरमलेले होते. पंधराएक दिवस लिंबाखाली गेले नाहीत, मग गेले.

आता अण्णांची एक हौस सांगायला हवी. देशी खेळात मात अनेक तऱ्हांची. वजिरानं केलेली मात ही साधी मात. प्याद्यानं केलेली सगळ्यांत इज्जतीची. शेवटचा घाव प्याद्यानं घालायचा म्हणजे आधी सगळं बरोबर जमवत आणावं लागतं, चार-पाच चाली काही न विसरता. अण्णांना पेशकारसाहेबांवर एकदा तरी प्याद्यानं मात करायची होती, आणि तीही दाताची खूण असलेल्या त्याच प्याद्यानं. "एकदा झाली की मी शतरंज सोडतो," ते म्हणत. "सोडणार न्हाई, पण म्हणून राह्यलो." कितीदा जवळ आले. पण जमवत आणायचं तेव्हाच भांग भरात असे, आणि प्यादं समोरच्या राजाच्या दारात नेऊन ठेवलं की ते तिथं का ठेवलं हेच ते विसरत. मुकदमा विचारेपर्यंत पेशकारसाहेबांच्या राजाला पळायला वाट झालेली असे. "थोडी कमी घ्या," मी म्हणत असे. "कमी घेतली तर मजा न्हाई," अण्णा म्हणत, "आन् न्हाई घेतली तर ते माझ्याशी काय बोलतील?"

हे दुसरं वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

मराठवाडा मुंबई राज्यात जायचं ठरलं आणि तहसिलीतले कागद मराठीत व्हायला लागले. पेशकारसाहेबांना मराठी बोलता येत होती, मिसल लिहिता येत नव्हती. नोकरीची थोडीच वर्षं उरली होती. त्यांनी हैदराबादचा रस्ता धरायचं ठरवलं. तिथं भावाचं घर होतं. ओट्यावर हे सांगताना त्यांनी आवाज नेहमीसारखाच ठेवला. अण्णा त्या वेळी लांब विचारात होते. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि थोड्या वेळानं विचारलं, "काय चाललं होतं आपलं?" पेशकारसाहेब म्हणाले, "मुकदमा असा आहे, अण्णा. मी चाललो आहे."

निघायच्या दिवशी दुपारच्या गाडीआधी एक शेवटचा डाव ठरला. आदल्या दिवशी अण्णा दवाखान्यात येऊन मला बाजूला घेऊन म्हणाले, "कंपोंडर, उद्या मी घेणार न्हाई. डोकं बिलकुल साफ ठेवून येतो. उद्या प्यादं आपलं." मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत अण्णांना कोऱ्या डोक्यानं खेळताना मी पाहिलं नव्हतं.

डाव सुरू झाला. अण्णांनी 'लाभ' म्हटलं, पण ओटाभर नाही, समोरच्यापुरतं. चाली भराभर येत होत्या. मोंढ्यात मापताना जसे दिसत तसे ते दिसत होते; मान वळत नव्हती. एक-एक करून त्यांनी सगळं जमवत आणलं. पेशकारसाहेबांचा राजा कोपऱ्यात, त्यांच्याच हत्तीनं कोंडलेला, आणि दाताच्या खुणेचं प्यादं दारात. पुढं एक घर गेलं की मात. मी पट्ट्या चिकटवायचं सोडून बाहेर येऊन उभा राहिलो. चाल पेशकारसाहेबांची होती. ते आपल्या घोड्याकडे पाहत होते. मग हळूच हसले. मग जोरात हसले. इतक्या वर्षांत मी त्यांचे दात पाहिले नव्हते. घोडा तळहातावर घेऊन म्हणाले, "अण्णा, किती गरीब जनावर आहे हे!"

त्यांचे डोळे तांबूस होते. शेरवानीचं वरचं बटण उघडं होतं. अण्णांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "साहेब, तुम्ही घेतली?"

"घेतली," पेशकारसाहेब म्हणाले. "ठेक्यावरून गोळी आणवली. इतके साल आपली मजा बाहेरून पाहिली. म्हटलं, जाण्याआधी एकदा आतून पाहावी. सोबत म्हणून." आणि पटाकडे पाहत, तांब्याकडे हात नेत, त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "अण्णा, काय चाललं होतं आपलं?"

अण्णा काही बोलले नसते तरी कुणी त्यांना नावं ठेवली नसती. प्यादं दारात उभं होतं आणि गाडीची वेळ होत आली होती. अण्णांनी डोक्यावरची टोपी नीट केली. मग ते म्हणाले, "मुकदमा असा आहे, साहेब. माझं हे प्यादं एक घर पुढं आलं की तुम्हाला मात आहे. तुमच्या उंटानं त्याला मारता येतं. बराबर बघा. चाल तुमची." पेशकारसाहेबांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. "वा," म्हणाले, "फार सुंदर." उंटाकडे हात नेला, वाटेत फुटाणे दिसले, ते खाल्ले, आणि परत विचारलं, "काय चाललं होतं?" अण्णांनी परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्यांनी उंट बोटानं दाखवला. पेशकारसाहेबांनी मान डोलावली, घोडा उचलला, त्याला थोडं थोपटलं आणि पटाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. "इथं सुखी राहील," म्हणाले.

आता अण्णांना मात करायला कुणाची हरकत नव्हती. रिवाज पाळून झाला होता. त्यांनी बोट प्याद्याच्या डोक्यावर ठेवलं. तेवढ्यात टांगा आला. पेशकारसाहेबांना न्यायला हैदराबादहून आलेला त्यांचा पुतण्या सामान बांधून घाईत होता. अण्णांनी बोट काढून घेतलं. "सोते आदमी की जेब," एवढंच ते पुटपुटले. मग उठून त्यांनी पेशकारसाहेबांच्या शेरवानीचं वरचं बटण लावलं आणि हाताला धरून त्यांना टांग्यात बसवलं. टांगा हलताना साहेबांनी बाहेर वाकून विचारलं, "अण्णा, काय ठरलं आपलं?"

"चाल माझी आहे, साहेब!" अण्णा मागून चालत ओरडले. "तुम्ही परत या. मंग करतो."

त्यानंतर अण्णांनी भांग सोडली. कुणाला सांगितलं नाही, शपथ घेतली नाही. वैनींनी लिंबाखालचा पाटा उचलून मोरीजवळ नेला, त्यावर त्या रिठे फोडू लागल्या. ओट्यावरचा पट एकच, रोज दुसरे डाव व्हायचे. तो अर्धा डाव मांडून ठेवता येण्यासारखा नव्हता. म्हणून अण्णांनी तो डोक्यात ठेवला. कधीमधी दुपारी येत, मोहरी काढत आणि एकेक जागेवर ठेवत. राजा कोपऱ्यात, हत्ती, दूरचा तो सुखी घोडा, दारातलं प्यादं. मी पाहून मान हलवली की पुन्हा गोळा करत. "साहेब होते तवर त्यांच्या ध्यानात ऱ्हायचं," ते मला म्हणाले. "आता मी इसरलो तर कोन सांगंल?"

कोऱ्या डोक्यानं अण्णा फार चांगले खेळत, हे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. विचार लवकर, वजीर कधी उघडा नाही, ओट्यावर त्यांना हरवणारं कुणी राहिलं नाही. भांगेनं त्यांच्या खेळाचं नुकसानच केलं होतं, याबद्दल मला शंका नाही. पण घोडा तळहातावर येईना, आणि 'लाभ' म्हणणंही पुढे-पुढे थांबलं. लोक त्यांचा डाव पाहायला पूर्वीसारखे जमत नसत. जिंकले की अण्णा टोपी उचलत आणि घरी जात.

तीनेक वर्षं अशी गेली. एके दिवशी सकाळी पेशकारसाहेबांचा पुतण्या दवाखान्यात आला. जालन्यात कुणाच्या लग्नाला आला होता. साहेब गेल्याचं त्यानं सांगितलं. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. शेवटी-शेवटी म्हणत असत, जालन्याला एकदा जाऊन यायचं आहे, तिथं एका माणसाची चाल राहिली आहे. मी मोंढ्यात गेलो. अण्णा मापत होते. ढीग संपेपर्यंत मी थांबलो, मग सांगितलं. अण्णांनी पायली ज्वारीवर पालथी ठेवली. "बरं," म्हणाले. "बरं." आणि घरी निघाले.

मीही मागोमाग गेलो. वैनींना बातमी आमच्या आधीच कुणीतरी जाऊन सांगितली असावी. त्यांनी तो लहान पाटा मोरीजवळून उचलून घासून लख्ख धुतला होता. "ठेक्यावरून आणा," एवढंच त्या मला म्हणाल्या. मी आणली. त्या दिवशी ती वैनींनी वाटली, आयुष्यात पहिल्यांदा, आणि मिरी किती घालायची हे त्यांना विचारावं लागलं नाही. अण्णा उंबऱ्यावर बसून पाहत होते. "इतके दिस ध्यानात ठेवलं," ते म्हणाले. "आता कोनासाठी ठेवू?"

संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो. अण्णांनी मोहरी मांडली. एकही चुकलं नाही. मी समोर बसलो नाही, बाजूला बसलो. अण्णांनी घेतलेली भांग चढायची दोघंही वाट पाहत होतो. हळूहळू डोळे तांबूस झाले, हात तांब्याकडे गेला. दूरच्या घोड्याकडे पाहून अण्णा हसले. तीन वर्षांत मी ते हसू पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं आणि फार वाईट वाटलं. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "कंपोंडर, काय चाललं होतं आपलं?"

रिवाजाप्रमाणे खरं सांगणं भाग होतं. "मुकदमा असा आहे, अण्णा," मी म्हणालो. "त्यांचा राजा कोपऱ्यात कोंडला आहे. तुमचं प्यादं एक घर पुढं गेलं की मात. चाल तुमची."

"प्याद्यानं?"

"प्याद्यानं."

अण्णांचा चेहरा उजळला. त्यांनी बोट दाताच्या खुणेवर ठेवलं, दाबलं, आणि थांबले. समोरच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं.

"साहेबांना सांगितलं का?"

मी फुटाण्यांची पुडी त्यांच्याकडे सरकवली.

"त्यांना मुकदमा सांगा आधी," अण्णा म्हणाले. "न सांगता कशी चालू? येऊ द्या त्यांना."

"सांगतो," मी म्हणालो.

अण्णांनी प्याद्यावरचं बोट उचललं आणि पुडीतले फुटाणे खात ते रस्त्याकडे पाहत बसले.